स्टार देताना साक्षीचे भान

ईद जवळ आली किंवा घरात निकाह निघाला की हल्ली पहिली खरेदी मोबाईलवर होते. आमच्या ईटसारख्या गावातही कुरिअरची मोटारसायकल रोज फिरते. ज्या शराऱ्यासाठी, हिजाबसाठी किंवा मिक्सरसाठी पूर्वी भूम, बार्शी, जामखेड गाठावे लागे, ते आता दारात येते. सोय मोठी आहे. पण वस्तूच्या पाठोपाठ मोबाईलवर एक प्रश्नही येतो : किती स्टार देणार? प्रश्न लहान आहे, त्यावरून होणारी भांडणे मात्र लहान राहिलेली नाहीत.

ही भांडणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार असा. फोटोत गर्द हिरवा दिसलेला दुपट्टा पोपटी निघतो. ग्राहक चिडून एक स्टार देतो आणि खाली ‘चोर आहेत’ असे लिहून टाकतो. मग विक्रेत्याचा फोन येतो, ‘आधी ते काढा, मग पैसे परत करतो.’ दुसरा प्रकार उलटा आहे. वस्तू ठीक असते, पण ग्राहकच म्हणतो, ‘निम्मे पैसे परत द्या, नाहीतर एक स्टार देईन.’ तिसऱ्या प्रकारात पार्सल कुरिअरकडे चार दिवस अडकते आणि शिक्षा मात्र कपडा शिवणाऱ्या बाईला होते.

एका स्टारने काय बिघडते, असे वाटेल. हिशेब करून पाहा. चार जणांनी पाच-पाच स्टार दिले आणि पाचव्याने एक दिला, तर सरासरी ५ वरून थेट ४.२ वर येते. हजारो ग्राहक असलेल्या बड्या दुकानाला त्याचा पत्ताही लागत नाही. घरी बसून अबाये शिवून विकणाऱ्या आपल्या एखाद्या बहिणीचा माल मात्र यादीत खाली जातो आणि ऑर्डर आटतात. उलट बाजूने, खोट्या पाच स्टारवर विसंबून एखाद्या मजुराने दोन महिन्यांच्या बचतीचा मोबाईल घेतला आणि तो आठवड्यात बंद पडला, तर ते नुकसानही खरेच आहे.

हा वाद ऑनलाइन बाजाराइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या बाजाराने पुढच्याच वर्षी अभिप्रायाची पद्धत आणली. २००४ मध्ये याच ईबेने मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेतली. ईबेवर तेव्हा ग्राहक विक्रेत्याला आणि विक्रेता ग्राहकाला, असे दोघेही एकमेकांना शेरा देत. ऐकायला हे न्यायाचे वाटते. प्रत्यक्षात ग्राहकाने खरी तक्रार लिहिली की विक्रेता सूड म्हणून त्यालाही वाईट शेरा देई. त्या भीतीने लोक गप्प बसू लागले. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. मग विक्रेते म्हणू लागले की आता ग्राहक आम्हाला धमकावतात. ईबेचे भारतातले संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले, तरी प्रश्न मागे उरलाच. नियमाने हत्यार एकाच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात गेले. मनातली नियत नियमाने बदलत नाही.

म्हणून आम्हाला वाटते, आपण या स्टारकडे वेगळ्या नजरेने पाहावे. स्टार देणे म्हणजे शहादत आहे, साक्ष आहे. आपण न पाहिलेली माणसे आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजणार असतात. साक्षीबाबत कुरआनची शिकवण स्पष्ट आहे. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवण्यास मनाई आहे. सूरह अल-माइदाच्या ८ व्या आयतीत कोणाच्याही वैरापोटी न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की आपला मार्ग दिसतो. माल वाईट असेल तर संकोचापोटी गप्प राहू नये आणि राग आला म्हणून एकाचे दहा करू नयेत.

काही भगिनी विचारतात, दुकानदाराचे वाईट लिहिले तर ती गीबत नाही का होणार? इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबतीला अपवाद असलेले सहा प्रसंग सांगितले आहेत. दाद मागणे आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणे हे त्यांतलेच दोन. तेव्हा ‘दोन धुण्यांत रंग गेला’ हे लिहिणे गुनाह नाही. पण ‘हे लोक असलेच’ म्हणून एखाद्याची जात, गाव किंवा जमात काढणे यात सावध करणे कुठेच नाही. आणि जे घडलेच नाही ते लिहिणे म्हणजे गीबतीच्याही पुढचे, बोहतान.

आता विक्रेत्यांविषयी. बकरी ईदच्या आधी जनावरांच्या बाजारात एक जुनी लबाडी चालते. मालकाचाच माणूस गिऱ्हाईक बनून उभा राहतो, उस्मानाबादी बोकडाची तोंड भरून तारीफ करतो आणि भाव चढवतो. घ्यायचे तर त्याला नसतेच. या प्रकाराला हदीसमध्ये ‘नजश’ म्हटले आहे आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मनाई केली आहे. पुतण्याच्या, मेहुण्याच्या मोबाईलवरून स्वतःच्याच मालाला पाच स्टार देणे हा त्याच नजशचा नवा अवतार आहे. पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या आणि ५० रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी घालणे हेही वेगळे नाही. ती चिठ्ठी आली तर तो पैसा घेऊ नये. साक्ष विकून आलेल्या पैशाला बरकत कुठली?

याच चिठ्ठीचा मोठा भाऊ म्हणजे ‘घरबसल्या हॉटेलांना रेटिंग द्या आणि कमवा’ हा मेसेज. मुंबई-पुण्यात सायबर पोलिसांकडे या फसवणुकीचे अनेक गुन्हे नोंदले गेले आहेत. आधी शे-दोनशे रुपये खरेच खात्यात येतात. विश्वास बसला की ‘पुढच्या कामासाठी रक्कम भरा’ म्हणतात आणि ती रक्कम परत येत नाही. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे आवर्जून सांगा. कोणी फसलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मालात खोट असेल तर ती आधीच सांगावी, ही आपल्याकडची शिकवण आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) व्यापाऱ्याला विचारले होते. ही हदीस बहुतेक घरांत माहीत आहे. ऑनलाइन दुकानात ओले धान्य वर ठेवणे म्हणजे खरा फोटो, खरे माप आणि कापडाचे खरे नाव. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा, हा हक्क ग्राहकाला आहे. त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. खोट निघाली तर खियार-ए-ऐब आहेच. पण ग्राहकांनो, वस्तू पाहून वापरायला घेतली की हा हक्क संपतो. निकाहात दिवसभर मिरवलेला शरारा दुसऱ्या दिवशी ‘साइज बसला नाही’ म्हणून परत पाठवणे हीदेखील फसवणूकच आहे.

कायदाही आता याच दिशेने बोलतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास बंदी आहे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. ते ऐच्छिक ठेवले गेले, पण विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत हे त्यात स्पष्ट आहे. ‘वाईट लिहिले तर केस करीन’ या धमकीला घाबरण्याचे कारण नाही. लोकहितासाठी सांगितलेले सत्य मानहानीच्या कायद्यात अपवाद मानले जाते. मात्र ते सत्य असले पाहिजे आणि त्याचा पुरावा आपल्याजवळ हवा.

मग करावे काय? पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढून ठेवा. दोष दिसला तर आधी वस्तू परत करण्याची विनंती आणि विक्रेत्याला निरोप, ही पहिली पायरी. त्याला चूक सुधारायला दोन दिवस द्या. नाही ऐकले तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा आणि पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. त्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे इथल्या लोकांना धाराशिवला, करता येते, विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पैसे परत मिळवण्याचा रस्ता हा आहे. स्टार हे वसुलीचे साधन नव्हे.

आणि अभिप्राय लिहाल तेव्हा उत्तरपत्रिका तपासावी तसा लिहा. आम्ही शिक्षक मंडळी गुण उत्तराला देतो, मुलाच्या आडनावाला किंवा त्याच्या अब्बांशी झालेल्या भांडणाला देत नाही. वस्तूचे गुण वस्तूला द्या. कुरिअरचा उशीर कुरिअरच्या नावे लिहा. किती दिवस वापरली, काय चांगले, काय बिघडले, हे दोन ओळींत सांगा. विक्रेत्याने नंतर पैसे परत केले किंवा वस्तू बदलून दिली, तर तेही लिहा. सत्य अर्धेच सांगून थांबू नका.

विक्रेत्या भाऊ-बहिणींनाही सांगणे आहे. वाईट शेरा आला तर फोनवर दटावू नका. त्याखाली शांतपणे उत्तर लिहा, चूक असेल तर माल परत घ्या. सौद्याचा पस्तावा झालेल्या माणसाकडून जो माल परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करील, या अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. भूमच्या बाजारात खवा घेणारा तळहातावर चोळून, तूप सुटते का बघून, मगच भाव बोलतो. मोबाईलवर तळहात पोहोचत नाही. तिथे आधीच्या ग्राहकाचा शब्द हाच पुढच्याचा तळहात असतो. तो स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या देण्याघेण्यात सचोटी आणि बरकत देवो. आमीन.