पाहुण्या नौकांचे वाढते भाडे आणि आपला समुद्र

शिडाच्या नौकेतून हौसेने जग फिरणाऱ्या मंडळींची सध्या बहुतेक सगळ्या समुद्रांवर एकच तक्रार ऐकू येते. परक्या खाडीत बोयाला एक रात्र नाव बांधायची, तर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. उसाच्या शेतापासून सरकारी कचेरीपर्यंत पोटापाण्याच्या मागे असलेल्या आपल्या कुटुंबांना ही श्रीमंतांची कुरकूर वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु आपण बेटावर राहणारी माणसे आहोत. समुद्राचा भाव दुसरा कोणी ठरवू लागला, तर त्याचा हिशेब आपल्या दारापर्यंत येतोच.

कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटांचे उदाहरण घ्या. तेथे अनेक वर्षे एका रात्रीच्या बोयाचे तीस डॉलर पडत. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने ती बेटे उद्ध्वस्त केली. पुढे बोया आधी राखून ठेवण्याची सोय निघाली आणि अशा राखीव बोयाचा दर पन्नास डॉलरच्या वर गेला. इंग्लंडात किनाऱ्यालगतचा बहुतेक सागरतळ राजसंपत्तीच्या व्यवस्थापनाकडे आहे. तेथे बोया टाकणाऱ्या बंदराला वा संस्थेला तळाचेही भाडे भरावे लागते, आणि ते शेवटी पाहुण्याच्याच बिलात उतरते.

भाडे वाढण्याची कारणे सगळीच लोभाची नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पाण्यावर तरंगणारा बोया आपल्याला दिसतो, पण त्याच्याखाली काँक्रीटचा जड ठोकळा, साखळी, दोर आणि कड्या असतात. खाऱ्या पाण्यात लोखंड झिजते. पाणबुड्याला वेळोवेळी खाली उतरून प्रत्येक कडी तपासावी लागते. एक कडी तुटली तर रात्री नाव खडकावर जाते आणि नुकसानभरपाईचा दावा बोयाच्या मालकावर येतो, म्हणून विमाही हवा. शिवाय नौका पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या आहेत. दोन सांगाड्यांची कॅटामरान उभी राहिली की दोन साध्या नौकांची जागा अडते.

मग बोया हवाच कशाला, नांगर फुकट आहे की, असे कोणी म्हणेल. वर्गात मी मुलांना या प्रश्नाचे गणित घातले होते. नांगर नीट धरावा म्हणून खोलीच्या तीन ते पाच पट साखळी सोडतात. आठ मीटर पाण्यात तीस मीटर साखळी धरा. वारा फिरला, भरती-ओहोटी झाली, की नाव नांगराभोवती फिरते आणि तळावरची साखळी तिच्यामागे घासत जाते. तीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस मीटर भरते. तळाला वाळू असेल तर फारसे बिघडत नाही. प्रवाळ किंवा समुद्री गवत असेल, तर वर्षानुवर्षे वाढलेले एका रात्रीत भुईसपाट होते. याच कारणाने इंग्लंडच्या स्टडलंड उपसागरात समुद्री घोड्यांचे गवत वाचवण्यासाठी तळ न खरवडणारे बोये बसवले गेले. आपल्या ब्लू बेच्या सागरी उद्यानातही नावा बांधण्याचा विभाग वेगळा ठरवून दिलेला आहे.

येथेच भाड्याचा खरा पेच आहे. बोया फार स्वस्त ठेवला तर त्याची देखभाल होत नाही. फार महाग केला तर खलाशी पैसे वाचवण्यासाठी शेजारच्या खाडीत नांगर टाकतो, आणि जे प्रवाळ वाचवण्यासाठी बोया बसवला तेच मोडते. सगळेच नौकावाले धनाढ्य असतात, असेही नाही. घरदार विकून लहानशा नावेत निघालेली निवृत्त जोडपी त्यांच्यात पुष्कळ असतात. असा पाहुणा भाजी, डिझेल आणि दुरुस्ती यांवर गावात पैसा खर्च करतो. दर पाहून तो दचकला, तर रियुनियन फार दूर नाही.

हा पेच आपल्याकडे का महत्त्वाचा, तेही पाहू. कोकोस कीलिंगहून निघालेल्या नौका व्यापारी वाऱ्याबरोबर रॉड्रिग्ज, मग पोर्ट लुई, रियुनियन आणि पुढे दक्षिण आफ्रिका अशा जातात. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरपासून धरला जातो, म्हणून त्यांची गर्दी त्याआधीच्या महिन्यांत होते. सोमाली चाच्यांच्या भीतीने २००८ नंतर अनेकांनी लाल समुद्राची वाट सोडली. नोव्हेंबर २०२३ पासून तेथे व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा केपची वाट पुन्हा शहाणपणाची ठरली. म्हणजे आपले बेट या वाटेवरचे धर्मशाळेसारखे ठिकाण आहे. पण कोदाँची गोदी लहान आहे, आणि ग्राँ बेचे पाणी स्थानिक नौकांनीच भरलेले असते. जागा थोडी आणि मागणी जास्त, तेथे भाव चढणारच.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी करतात. त्यांची पिरोग आजोबांच्या काळापासून एका ठरावीक जागी बांधलेली असे. हळूहळू आजूबाजूला सहलीच्या नौकांचे बोये आले आणि यांची जागा सरकत सरकत खडकाजवळ गेली. पालकसभेला आले तेव्हा क्रिओलमध्ये जे बोलले त्याचा अर्थ असा, "गुरुजी, पाहुण्याकडून पैसे घ्या, नको कोण म्हणतो? पण पाहुण्याला घरात घेताना घरच्याला अंगणात काढू नका." मला वाटते, या प्रश्नावर याहून नेमके कोणी बोललेले नाही.

घरच्याला बाहेर काढून पाहुण्याला परवाना देण्याचा प्रकार आपल्या इतिहासात एकदा घडून गेला आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटे आपल्यापासून तोडली, आणि १९६८ ते १९७३ या काळात तेथील लोकांना घरे सोडायला लावली. पुढे अनेक वर्षे सालोमाँच्या बोद्दाम बेटापाशी जगभरचे हौशी नौकावाले महिनोन्‌महिने मुक्काम करीत. तेथील विहिरीचे पाणी वापरीत, नारळ पाडीत. नंतर नियम कडक झाले. परवान्याची फी, अठ्ठावीस दिवसांची मर्यादा, फुटलेली नाव हटवण्याचा आणि आजाऱ्याला हलवण्याचा सक्तीचा विमा, अशी अडचण वाढत गेली आणि नौकावाल्यांनी महागाईची तक्रार केली. पण ज्यांच्या आजीने ती विहीर वापरली, त्यांना सरकारने आखलेल्या थोड्या दिवसांच्या भेटीपलीकडे पैसे भरूनही तेथे राहता येत नव्हते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ही बेटे तोडणे कायदेशीर नव्हते, असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी सार्वभौमत्वाच्या करारावर सह्या केल्या. त्याचा अंमल केव्हाही आणि कसाही होवो, त्या पाण्यातल्या नांगराचा दर ठरवताना चागोसवासीयांचा शब्द पहिला असावा, एवढे तरी आपण आग्रहाने म्हटले पाहिजे.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पाहुण्या नौकांचे दर नौकेच्या लांबीप्रमाणे ठरवून उघड छापावेत, म्हणजे कोणी मध्यस्थ मनाला येईल ती रक्कम मागणार नाही. दुसरी, हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून बोये आणि प्रवाळ यांच्या देखभालीवरच खर्च करावा, आणि वर्षाचा हिशेब जाहीर करावा. तिसरी, कोणत्याही खाडीत नवे बोये टाकण्यापूर्वी कोळ्यांच्या पिरोगांच्या जागा नकाशावर पक्क्या कराव्यात. या तिन्हींपैकी एकीलाही मोठे भांडवल लागत नाही.

कायद्याने आपला किनारा भरतीच्या रेषेपर्यंत सर्वांचा आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशियो जहाज पोईंत देस्नीजवळ खडकावर चढले आणि पुढे त्यातून तेल सांडले. तेव्हा उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून ते अडवायला माणसे रात्रंदिवस धावली. त्यांच्यात आपल्या वाडीवस्तीचे तरुणही होते. त्या वेळी समुद्र कोणाचा, असे कोणी विचारले नाही. आता त्याच समुद्राच्या भाड्याचे दर कोठेतरी ठरत असताना आपण ही श्रीमंतांची भानगड म्हणून पाठ फिरवली, तर उद्या आपल्याच मुलाला आपली होडी कोठे बांधायची, हे दुसऱ्याला विचारावे लागेल.