जुन्या होडीची डागडुजी आणि अवजारांचे अर्थशास्त्र

पावसाळी मासेमारीबंदी लागू झाली आणि होड्या वाळूवर ओढून घेतल्या गेल्या, की कोकणातील खाडीकाठच्या वाड्यांतून एक निराळाच उद्योग सुरू होतो. नारळीच्या झापांखाली, फाटक्या ताडपत्रीच्या आडोशाला घरातील दोन-तीन माणसे उपड्या होडीभोवती बसलेली दिसतात. कोणी जुना रंग खरवडतो, कोणी फळ्यांच्या सांध्यांतील कुजलेला कापूस उकरून काढतो. पुढील दहा महिन्यांचे उत्पन्न आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्यावर जाणाऱ्या माणसाचा जीव या दोन महिन्यांच्या कामावर अवलंबून असतो. तथापि घरच्याच माणसांनी केलेल्या या श्रमाची वेगळी नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही, आणि ज्या अवजारांनी हे काम होते त्यांचा विचार तर मत्स्यव्यवसायाच्या चर्चेत क्वचितच होतो.

हा विषय अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सुचावा याचे वाचकांस नवल वाटेल. त्याला निमित्त झाला माझा एक माजी विद्यार्थी. पदवी घेऊन दोन वर्षे नोकरीची वाट पाहिल्यावर त्याने वडिलांचाच धंदा करावयाचे ठरविले आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून एक वापरलेली लाकडी होडी इंजिनासह विकत घेतली. होडी नव्या निळ्या रंगात चकाकत होती. गेल्या पावसाळ्यात ती वाळूवर उलटी केली तेव्हा वाडीतील एक वृद्ध सुतार सहज पाहावयास आले. त्यांनी कमरेचा टोच्या काढून तळाच्या फळ्यांवर ठिकठिकाणी टेकवला. कण्यालगतच्या फळीत तो दोन बोटे आत गेला. "अरे, रंग बघून घेतलीस होय? आधी मला हाक मारायची," एवढेच ते म्हणाले. तीन फळ्या आणि दोन बरगड्या बदलाव्या लागणार होत्या. पाटल्या तर आधीच गेल्या होत्या.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि पुढे २००१ मध्ये ज्या कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्याचा तो पाया होता. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच जुन्या मालाला सारखाच कमी भाव देऊ करतो आणि परिणामी चांगला माल बाजारातून हळूहळू नाहीसा होतो, असा त्यांचा युक्तिवाद. वर्गात मी तो अनेक वर्षे शिकवीत आलो आहे, या विद्यार्थ्यालाही शिकविला होता. परंतु ज्ञानाची ही विषमता दूर करण्याचे साधन लाकडी मुठीच्या एका क्षुल्लक टोच्यात असू शकते, हे मला त्या वाळूवर उमगले. जुनी होडी घेऊ पाहणाऱ्याजवळ टोच्या, हलका हातोडा आणि बॅटरी या तीन वस्तू असल्या, तरी बराच घोटाळा टळतो. निरोगी फळीवर हातोडीचा आवाज खणखणीत येतो, कुजलेलीवर तो बसका येतो. रंगाने लाकूड झाकता येते, पण हा आवाज झाकता येत नाही.

प्रत्यक्ष दुरुस्तीची अवजारे अर्थात अधिक लागतात. करवत, वाकस, रंधा, पटाशी आणि गिरमिट ही सुताराची नेहमीचीच. त्यांपैकी गिरमिटाचे महत्त्व नवशिक्याला कळत नाही. आधी भोक न पाडता खिळा ठोकला की फळीचे टोक चिरते आणि चाळीस फुटांवरून आणलेले लाकूड जळणात जाते. खिळे जस्त चढविलेले किंवा तांब्याचे हवेत, पण दोन्ही शेजारी-शेजारी नकोत, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याजवळचे लोखंड झपाट्याने झिजते. सांध्यांत कापूस ठासण्यासाठी बोथट, रुंद तोंडाची पटाशी आणि लाकडी मोगरी लागते. येथे हाताला बेत हवा. कापूस फार आवळून ठासला, तर होडी पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, फळ्या एकमेकींना रेटतात आणि खिळे सैल होतात. वरून राळ किंवा तत्सम लुकण भरावयाचे. पूर्वी उंडीचे तेल आणि मुशीच्या यकृताचे तेल होड्यांना चोपडीत. त्याचा वास ज्यांनी घेतला आहे ते तो विसरणार नाहीत. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किडीपासून बचाव हा त्यामागचा हेतू. वस्तुतः ती कीड नव्हेच, शिंपल्याच्या गणगोतातील प्राणी आहे. पण नुकसान सोसणाऱ्याला या वर्गीकरणाचे सुख ते काय!

फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा आता दुरुस्ती संपली असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही, केवळ अवजारे बदलली. तेथे घासण्याचे यंत्र, रोलर, ब्रश, काचतंतूंची चटई आणि विशेषतः वजनाचा छोटा काटा लागतो. राळेत मिसळावयाचे घट्टक शेकडा एक-दोन टक्के इतकेच असते, आणि ते अंदाजपंचे ओतले की थर एक तर कच्चा राहतो किंवा तापून तडकतो. आषाढाच्या दमट हवेत हे काम आधीच बेभरवशाचे असते. शिवाय त्या काचेच्या भुकटीपासून फुप्फुसे वाचविणारा मुखवटा बहुतेक घरांत नसतो. तोंडाला पंचा बांधून माणसे दिवसभर घासत बसतात. सर्वांत स्वस्त साधन सर्वांत शेवटी विकत घेतले जाते, असा अनुभव आहे.

यानंतर येतात जॅक, साखळीची कप्पी आणि मोठे शिकंजे. वाकविलेली फळी बरगडीशी धरून ठेवावयास चार शिकंजे कधीच पुरत नाहीत, आठ-दहा हवेत. एका कुटुंबाला ते वर्षातून चार दिवस लागतात, उरलेले दिवस ते पडवीत गंजतात. साहजिकच कोणी घेत नाही, आणि फळी दोरखंडाने आवळून कशीबशी बसविली जाते. प्रश्नाचे मूळ येथे आहे. वापर थोडा, किंमत मोठी आणि वस्तूचा तुकडा करून घेता येत नाही, अशा साधनांची मालकी व्यक्तिगत ठेवणे परवडत नाही.

सरकारी साहाय्याचा ओघ मात्र दुसऱ्या दिशेने वाहतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. तीत खोल समुद्रातील नौका, पारंपरिक मच्छीमारांच्या जुन्या होड्यांऐवजी नव्या होड्या यांसाठी सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरले. नव्या नौकेचे छायाचित्र निघते; बदललेल्या फळीचे कोण काढणार? २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांना खुली झाली, ती प्रामुख्याने इंधन, बर्फ, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेने अवजारांकडे लक्ष दिले, हे मान्य केले पाहिजे. तिच्या १८ व्यवसायांत सुताराबरोबर नाव बांधणाराही आहे, आणि अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. परंतु ही योजना कारागिरासाठी आहे. जो स्वतःचीच होडी स्वतः दुरुस्त करतो तो मच्छीमार तिच्या व्याख्येत बसत नाही, आणि जॅक व कप्पी त्या रकमेत बसत नाहीत.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मोठ्या बंदरावर मच्छीमार सहकारी संस्थेच्या जागेत एक अवजारघर असावे. महागडी आणि क्वचित लागणारी साधने तेथे असावीत, अनामत घेऊन ती दिवसाच्या भाड्याने द्यावीत, आणि बंदीच्या दोन महिन्यांसाठी वाडीतील एखाद्या अनुभवी सुताराला मानधन देऊन तेथे बसवावे. कोणाची होडी घ्यावयाची असेल तर तोच टोच्या लावून पाहील. एका नव्या यांत्रिक नौकेवरील अनुदानात अशी कितीतरी अवजारघरे सहज उभी राहतील.

यावर आक्षेप येणारच. सहकारी संस्थेच्या मालकीची वस्तू कोणाचीच नसते, पहिल्याच वर्षी पाने हरवतील आणि अध्यक्षांचे भाचे जॅक घरी नेतील, असे एक मित्र म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच नियम वरून पाठवू नयेत. वापरणाऱ्यांनीच ते करावे आणि मोडणाऱ्याला त्यांनीच जाब विचारावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या होड्या धोक्याच्या असतात, त्यांना जीवदान देण्यापेक्षा मोडीत काढाव्यात. काही होड्या खरोखरच मोडल्या पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण कोणती मोडावी आणि कोणती राखावी हे ठरविण्यासही तपासणी हवी. शिवाय नवी होडी घेण्याची ऐपत नसलेला माणूस समुद्रावर जाणे थांबवीत नाही. तो आहे त्याच होडीतून, आहे त्या फटींसह जातो.

माझ्या विद्यार्थ्याच्या होडीच्या तिन्ही फळ्या अखेर बदलल्या गेल्या. सुतारांनी मजुरी हंगामानंतर घेण्याचे कबूल केले. शिकंजे त्याने तीन घरांतून मागून आणले, दोन कमी पडले ते शेजारच्या गावातून आले. बंदी उठल्यानंतर आठ दिवसांनी त्याची होडी पाण्यात गेली. शिकंजे तोवर चौथ्या घराच्या अंगणात, दुसऱ्याच होडीला लागलेले होते, आणि नेमके कोणते कोणाचे यावरून वाडीत थोडी कुरबुरही झाली होती.