टप उघडण्याचे मोल

मंडळाच्या गेल्या बैठकीनंतर चहाच्या वेळी जो वाद झाला, त्याचा विषय दुर्दैवाने आमच्याच घरचा होता. आमच्या भाच्याने आमच्यासाठी एक मोटार हेरली आहे, ही बातमी आमच्याआधी बैठकीत पोहोचली होती. मोटार जर्मन बनावटीची, दोन आसनांची, बारा वर्षे वापरलेली आणि कन्व्हर्टिबल, म्हणजे कळ दाबताच टप घडी होऊन मागच्या पेटीत जाणारी. नवी असताना तिची किंमत सत्तर लाखांच्या घरात होती. आता ती बावीस लाखांत मिळत होती. बैठकीत तत्काळ दोन तट पडले. एक तट म्हणाला, "या वयात हे शोभते काय?" दुसरा म्हणाला, "हौसेला मोल नसते. आता नाही तर केव्हा?" आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही तट चुकले आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही हिशेब मांडलेला नाही.

प्रथम 'शोभते काय' या पक्षाचा समाचार घेऊ. माणसाने साठी ओलांडली म्हणजे त्याने तुळशीला पाणी घालावे, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवावे आणि उरलेल्या वेळात गुडघ्यांविषयी बोलावे, हा दंडक कोणी घालून दिला? आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली हलविणाऱ्या माणसाला आपल्या मर्जीने एखादी वस्तू हलवावीशी वाटली तर त्यात लाजण्याजोगे काही नाही. शिवाय उघड्या गाडीचे आम्हांस नावीन्य नाही. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात आमच्या वाट्याला जी सरकारी जीप आली, तिला ताडपत्रीचा टप होता आणि तो उन्हाळ्यात बहुधा काढलेलाच असे. अवर्षणाच्या वर्षांत खेडोपाडी फिरताना डोक्याला पंचा गुंडाळून आम्ही त्या जीपमधून शेकडो मैल गेलो. संध्याकाळी परतताना तापलेल्या जमिनीवर पडलेल्या पहिल्या सरींचा वास यायचा, तो बंद मोटारीत बसणाऱ्यास कधी कळला नसेल. तेव्हा उघड्या मोटारीचा आनंद खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तो खरा आहे आणि म्हणूनच तो विकणारा इतक्या सहजतेने विकू शकतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्याचा सारा भर 'स्वस्त' या एका शब्दावर आहे. सत्तर लाखांची वस्तू बावीस लाखांत मिळाली म्हणजे अठ्ठेचाळीस लाखांचा लाभ झाला, असे भाच्याचे गणित आहे. वस्तुतः हे अठ्ठेचाळीस लाख पहिल्या मालकाने गमावलेले आहेत. ते आमच्या खात्यात जमा झालेले नाहीत. त्याने ते का गमावले, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. उत्तर सोपे आहे. गाडीची किंमत वयानुसार उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. बावीस लाखांची मोटार आजारी पडली तरी तिचा औषधोपचार सत्तर लाखांच्या मोटारीचाच असतो.

आणि उघडझाप करणारा टप हा तर आजारांचे माहेरघर होय. त्यात तेलाच्या दाबावर चालणारा पंप असतो, नळ्या असतात, लहान मोटारी असतात, टप नेमका कोठवर आला हे सांगणारे संवेदक असतात आणि पाणी आत येऊ नये म्हणून रबराच्या पट्ट्या असतात. पट्ट्या उन्हाने कडक होतात व चिरतात. टपावरचे पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक वाटा धुळीने व पाल्याने बुजतात, मग ते पाणी गालिच्याखाली साचते. आणि अशा कित्येक मोटारींत विजेची नाजूक पेटी तेथेच कोठेतरी बसविलेली असते. एक संवेदक बिघडला तरी टप अर्ध्यावर थांबतो. गाडी पाहावयास गेलो तेव्हा विकणाऱ्याने टप उघडून व मिटवून दाखविला. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "पाऊस आला तर हा मिटायला किती वेळ लागतो?" तो अभिमानाने म्हणाला, "वीस सेकंद." त्यांनी पुढे विचारले, "आणि मिटला नाही तर?" यावर त्याने गाडीच्या रंगाची स्तुती सुरू केली. टपाचे मोठे काम निघाल्यास गाडी बेंगळूरला किंवा पुण्याला न्यावी लागेल, हे मात्र त्याने प्रांजळपणे सांगितले. हुबळीपासून दोन्ही शहरे चारशे किलोमीटरांहून दूर आहेत.

स्थळाचाही विचार केला पाहिजे. आम्ही राहतो अमरगोळला, हुबळी व धारवाड यांच्या मध्ये. आमच्या पी. बी. रोडच्या मधोमध २०१८ पासून 'चिगरी' बसगाड्यांची स्वतंत्र वाट आहे. चिगरी म्हणजे हरीण, आणि ते हरीण खरोखरच सुसाट जाते. उरलेल्या वाटेने लॉऱ्या, ट्रॅक्टर, रिक्षा आणि आम्ही. शेजारी कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार. हंगामात तेथे वाळल्या मिरचीची पोती उतरू लागली की बंद खिडकीतूनही ठसका लागतो. टप उघडून त्या वाटेने जाणाऱ्याने नाकाला रुमाल बांधावा की डोळे पुसावे की सुकाणू धरावे? चैत्र-वैशाखात ऊन, जूनपासून पुढे चार महिने पाऊस, त्यानंतर सुगीची धूळ. टप सुखाने उघडता येईल अशा संध्याकाळी वर्षाकाठी किती निघतील, ते प्रत्येकाने आपल्या अंगणात उभे राहून मोजावे. जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी ती मोटार आमच्या गतिरोधकांवरून कशी जाईल, हा प्रश्न तर आम्ही भाच्याच्या भावनांचा विचार करून विचारलाच नाही.

येथे थोडा इतिहास उपयोगी पडेल. मोटार जन्मली तीच उघडी. १९२० च्या सुमारासही अमेरिकेतील बहुतेक मोटारी उघड्याच असत. पक्का टप ही श्रीमंतांची चैन होती. त्याच दशकाच्या अखेरीस बंद मोटार सर्वांच्या आवाक्यात आली आणि उघडी मागे पडली. त्यानंतर थंड देशांतील लोकांनी दुर्मीळ उन्हाच्या हौसेने तिला पुन्हा जवळ केले, ते त्यांच्या हवेला धरून होते. आपल्याकडे दुर्मीळ असते ती सावली. आपल्या परंपरेत राजत्वाची खूणच छत्र ही आहे. ज्याच्या मस्तकावर छत्र तो छत्रपती. अशा मुलखातील माणसाने डोक्यावरचे छत्र मिटविण्यासाठी लाखो रुपये अधिक मोजावेत, यापरती गंमत कोणती?

कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या छत्रपतींच्याच घराण्यातील जुनी 'मेबॅक' मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात निघते, ती उघडीच आहे. बरोबर आहे. पण ती उघडी कशासाठी, हे पाहा. राजाने प्रजेला दिसावे म्हणून ती उघडी. त्या मोटारीत बसणाऱ्याने वारा खावा हा तिचा हेतू नव्हे. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्यांनी त्याला पाहावे हा हेतू होय. उघडी आलिशान मोटार ही पाहण्याची नसून दिसण्याची सोय आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने स्वतःस विचारावे, आपल्याला कोणी पाहावे अशी आपली इच्छा आहे? उत्तर 'कोणी नाही' असे असेल तर टप मिटलेला बरा. उत्तर 'सर्वांनी' असे असेल तर खर्च मोटारीवर करू नये, त्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

नुसता वाराच हवा असेल तर त्याची साधी सोय आपल्या शेजारीच झाली होती. गोव्यात वेर्णे येथे १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची उघडी मोटार तयार होऊ लागली. शरीर फायबरचे, इंजिन रेनॉचे लहानसे. ती फारशी खपली नाही. आज आमच्या भाच्याला तिचे नावही ठाऊक नाही. वाऱ्याची हौस असणारे लोक इतके असतील तर ते तेव्हा कोठे होते? यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, गिऱ्हाइकास वारा नको असतो, त्यास गाडीच्या नाकावरील चिन्ह हवे असते. आणि जुन्या गाडीच्या बाजारात ते चिन्ह सवलतीत मिळते. 'सवलतीतील प्रतिष्ठा' हा तेथे विकला जाणारा खरा माल होय.

येथपर्यंतचा हिशेब पैशाचा झाला. आमचा निर्णय मात्र दुसऱ्याच ठिकाणी झाला. गाडीवर परराज्याची पाटी होती. आम्ही कराविषयी विचारले तेव्हा विकणारा हसून म्हणाला, "साहेब, पाटी तशीच राहू द्या. तुमच्यासारख्यांना कोण अडवतो?"

या एका वाक्यात सारे आले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ४७ सांगते की, एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करून घ्यावी लागते. कर्नाटकात वीस लाखांहून अधिक किमतीच्या मोटारीवर शेकडा १८ इतका आजीवन कर आहे, वर उपकर वेगळा. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीस वयानुसार सूट मिळते. परंतु सूट ज्या रकमेतून मिळते ती मूळ किमतीवर काढलेली असते, आपण मोजलेल्या बावीस लाखांवर नव्हे. सत्तर लाखांवर शेकडा १८ म्हणजे साडेबारा लाखांहून अधिक. त्यातून सूट वजा जाता जे उरेल तेही काही लाखांतच. पूर्वीच्या राज्याकडे उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण आधी येथे भरावे लागते आणि मग तेथे मागावे लागते. 'मग' या शब्दाची लांबी किती असते, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास कोणी सांगावयास नको.

म्हणजे 'स्वस्त' मोटारीचा स्वस्तपणा कर चुकविण्यावर उभा होता. हा प्रकार एकट्या आमच्या विक्रेत्याचा नव्हे. पाँडिचेरीच्या पत्त्यांवर आलिशान मोटारी नोंदवून केरळात वापरल्या जातात, या प्रकरणाने २०१७ साली तेथे मोठे वादळ उठले व गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरात परिवहन खात्याने कर न भरलेल्या सुमारे ३० आलिशान मोटारी एका मोहिमेत ताब्यात घेतल्या. मोटार फुकट मिळाली तरी कर सुटत नाही, याचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. सचिन तेंडुलकर यांनी २००२ मध्ये ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी बरोबरी केल्यावर त्यांना फेरारी भेट मिळाली. तिच्यावरील एक कोटीहून अधिक सीमाशुल्क माफ करण्याचे ठरले तेव्हा देशभर वाद झाला आणि अखेर ते शुल्क मोटार कंपनीने भरले. ती गाडी २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. जेथे साऱ्या देशाच्या लाडक्या फलंदाजाची सूट लोकांना रुचली नाही, तेथे अमरगोळच्या निवृत्त अधिकाऱ्याने स्वतःच स्वतःस सूट द्यावी काय?

आम्ही पस्तीस वर्षे लोकांकडे थकबाकी मागितली. सारा भरू न शकणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात त्याच उघड्या जीपमधून उतरलो. त्याने "साहेब, पीक आले की भरतो" म्हटले, तेव्हा नियम वाचून दाखविला. "तुमच्यासारख्यांना कोण अडवतो" हे वाक्य त्याच्या वतीने कोणी कधी म्हटले नाही. ते वाक्य आमच्या वाट्याला यावे आणि आम्ही त्याचा लाभ घ्यावा, तर त्या पस्तीस वर्षांचा अर्थ काय उरला? कबूल करतो, हे वाक्य ऐकल्यावर आम्ही तत्क्षणी उठलो नाही. चहा संपेपर्यंत बसलो. टप उघडा होता, संध्याकाळ बरी होती आणि आसन मऊ होते. मोह म्हणतात तो हाच. घरी आल्यावर इसारा देणार नसल्याचे आम्ही भाच्यास कळविले. तो म्हणाला, "मामा, कर भरूनही घेता येईल की!" घेता येईल. पण कर, विमा, टायर आणि टपासाठी बाजूला ठेवावयाची रक्कम मांडल्यावर तो आकडा त्यालाच मोठा वाटू लागला. 'स्वस्त' हा शब्द त्या संध्याकाळनंतर त्याने उच्चारलेला नाही.

तेव्हा आमचा पक्ष असा. वय झाले म्हणून ही मोटार घेऊ नये, हे म्हणणे भेकडपणाचे आहे. आणि स्वस्त मिळते म्हणून घ्यावी, हे म्हणणे फसवणुकीचे. ज्यास ती घ्यावयाची आहे त्याने तिची आजची किंमत विचारू नये. नवी असतानाची किंमत विचारावी, कर तिच्यावर मोजावा, दुरुस्ती तिच्याप्रमाणे धरावी, नोंदणी आपल्या राज्यात करण्याचा खर्च त्यात घालावा. एवढे करूनही ज्याच्या पदरी रक्कम शिल्लक उरते आणि हौसही उरते, त्याने ती खुशाल घ्यावी; आम्ही त्याच्या शेजारच्या आसनावर बसून धारवाडपर्यंत जाऊ आणि वाटेत मिरचीचा ठसका लागला तरी तक्रार करणार नाही. ज्याच्याजवळ फक्त हौस उरते, त्याने आमच्यासारखे करावे.

या लेखाचा प्रतिवाद पुढील अंकात अवश्य यावा. अट एवढीच की, त्यात 'हौसेला मोल नसते' ही म्हण नसावी आणि हिशेबाचा कागद सोबत असावा.