घरचे छंद : पेटीतला समुद्र आणि प्रवाळाचे बिऱ्हाड

गोड्या पाण्यातील मासे पाळण्यात हात बसला की पुष्कळांना खाऱ्या पाण्याची पेटी मांडण्याची हौस होते. आणि ती मांडली की तिच्यात प्रवाळ असावेत असेही वाटू लागते. हौस वाईट नाही. परंतु माशाला जे चालते ते प्रवाळाला चालत नाही, हे आरंभीच ध्यानात घेतलेले बरे. प्रवाळ दिसतो दगडासारखा किंवा झाडासारखा, पण तो प्राणी आहे. बहुतेक जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. उजेडात ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली लक्षद्वीप व मन्नारचे आखात येथील प्रवाळभित्तींवर हेच संकट कोसळले होते. जिथे समुद्राचा निभाव लागत नाही, तिथे शंभर लिटरच्या पेटीची काय कथा! म्हणून प्रवाळ पाळणे म्हणजे वस्तुतः पाणी पाळणे होय.

हे पाणी आणावे कोठून? मुंबई-चेन्नईच्या वाचकांना वाटेल, समुद्र तर दाराशी आहे. पण मोठ्या शहरांच्या किनाऱ्याला सांडपाणी मिसळलेले असते. ते न वापरणेच श्रेयस्कर. नागपूर-इंदूरकरांना तर तो मार्गच नाही. मत्स्यालयासाठी मुद्दाम तयार केलेले समुद्री मीठ मिळते, तेच घ्यावे. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातील इतर क्षार पुरेसे नसतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि क्वचित नळातून आलेला तांब्याचा अंशही असतो. तांबे तर प्रवाळाला विषासमान. यासाठी आर.ओ. यंत्रातून काढलेले शुद्ध पाणी वापरावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, हे प्रमाण ठेवावे.

पाणी भरले म्हणजे पेटी तयार झाली असे नव्हे. माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. या जीवाणूंची वस्ती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत कोणताही जीव सोडू नये. प्रवाळासाठी याहूनही अधिक, काही महिने थांबणे शहाणपणाचे.

आता एका साध्या हिशेबाकडे लक्ष द्यावे. शंभर लिटरच्या पेटीत साडेतीन किलो क्षार असतात. आठवड्यात पाच लिटर पाणी उडून गेले, तरी क्षार पेटीतच राहतात. ती तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर दर आठवड्याला १७५ ग्रॅम क्षार वाढतात, आणि चार आठवड्यांत ३५ चे प्रमाण ४२ वर जाते! तेव्हा उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने, रोज थोडी थोडी करावी. खारे पाणी वापरावयाचे ते जुने पाणी काढून नवे घालताना.

कठीण सांगाडा बांधणारा प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतो. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि सामू ८.१ ते ८.४ राहावा. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कर्बवायू वाढतो व सामू उतरतो. खिडकी उघडणे हा बिनखर्चाचा उपाय. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास असावे. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास ते दोन-तीन अंश उतरू शकते. मात्र पाणीही अधिक उडते. कोणताही आकडा एका दिवसात ‘सुधारण्याचा’ अट्टाहास करू नये. प्रवाळाला थोडा उणा पण स्थिर आकडा सोसतो, रोज बदलणारा सोसत नाही.

प्रवाळ आणण्यापूर्वी कायदा जाणून घेणे अगत्याचे आहे. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे वा त्यांचा व्यापार करणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. सहलीहून शोभेसाठी आणलेला वाळका तुकडाही यातून सुटत नाही. पेटीतील रचनेसाठीही भित्तीचा दगड नको. कृत्रिम खडक घ्यावा. वरील गटांत न मोडणारे काही मृदुकाय प्रवाळ आयात होऊन येतात. त्यांचे शास्त्रीय नाव आणि आयातीचे कागद मागून घ्यावेत. शंका असल्यास वनविभागाला विचारावे, आणि शंका फिटेपर्यंत खरेदी करू नये.

असा प्रवाळ आणल्यावर तासभर पेटीतील पाणी थोडे थोडे मिसळून त्याला सवय करावी. आरंभी तळाशी, मंद उजेडात ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वर आणावे. झोअँथिड वर्गातील काही जातींत अतितीव्र विष असते. त्यांना उघड्या हाताने शिवू नये, त्यांचा दगड उकळू अथवा घासू नये, मुलांना पेटीत हात घालू देऊ नये.

एवढी दगदग ज्यांना जमणार नाही, त्यांनी मासे आणि कृत्रिम खडक यांवरच पेटी सजवावी. तीत काही उणेपणा नाही. पेटीतला प्रवाळ मेला, तर ‘दुसरा आणू’ असे म्हणता येते. पण भित्तीवरून तुटलेला प्रवाळ पुन्हा वाढण्यास कित्येक वर्षे लागतात. पैसे मोजताना हा हिशेबही मनात असावा.

पुढील लेखांकात पेटीवरील दिव्यांचा विचार करू.