पाच घरांतला समीक्षक

माणसाचे नाव मागे उरते ते त्याच्या कर्तृत्वामुळे, असे आपण धरून चालतो. पण कधीकधी ते नुसत्या अक्षरांच्या सोयीमुळेही उरते. अमेरिकी दैनिकांतल्या शब्दकोड्यांत 'चित्रपट समीक्षक रॉजर' असा संकेत आणि त्यापुढे पाच रिकामी घरे भेटतात. उत्तर, एबर्ट. चार घरांत पॉलिन केल मावतात आणि चारच घरांत जेम्स एजी.

यामागे साधा हिशेब आहे. अमेरिकी पद्धतीच्या कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या शब्दातही बसावे लागते आणि उभ्या शब्दातही. त्यामुळे स्वरांनी भरलेले आखूड शब्द कोडे रचणाऱ्याला सोन्यासारखे. इंग्रजीत एजी या आडनावाच्या चार अक्षरांपैकी तीन स्वर आहेत. एबर्टमध्ये दोनदा 'ई', जोडीला 'आर' आणि 'टी' ही कुठेही खपणारी मंडळी. मराठी कोड्यात ही सोय उरत नाही. आपल्याकडे काना-मात्रेसकट अख्खे अक्षर एका घरात बसते. एबर्ट तीन घरांत आटोपतात, एजी दोनच घरांत!

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तिथे खातेदार म्हणजे लेजरमधला एक क्रमांक. काम चालायचे तर ते भागच असते, त्यात अपमान नाही. पण काउंटरपलीकडे उभा आहे तो क्रमांक नव्हे, माणूस आहे, एवढे भान ठेवावे लागते. कोड्यातल्या नावांचेही तसेच आहे.

रॉजर एबर्ट १९६७ पासून 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये चित्रपटांवर लिहीत होते. १९७५ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक. दूरदर्शन संचावर जीन सिस्केल यांच्यासह अंगठा वर किंवा खाली करून निकाल देणारे म्हणून ते घराघरांत पोचले. २००६ मध्ये कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली, लेखणी मात्र थांबली नाही. २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ते लिहीत राहिले. हा सगळा माणूस 'समीक्षक रॉजर' या दोन शब्दांत कुठे सापडतो?

म्हणून कोडी रचणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. घरांची संख्या तुमच्या हाती नाही, अक्षरेही नाहीत. संकेत मात्र पूर्णपणे तुमचा. 'पुलित्झर मिळवणारे पहिले चित्रपट समीक्षक' असे म्हटले तरी उत्तर तेच येते, अक्षरे तीच बसतात. पण सोडवणाऱ्याच्या पदरात नावाबरोबर माहितीचा एक कण पडतो. ज्याला उत्तर येत नाही तोही आडव्या-उभ्या शब्दांच्या आधाराने तिथवर पोचतो आणि चार गोष्टी जाणून उठतो.

आपल्याकडच्या कोड्यांतही 'एक संत', 'एक नदी', 'मराठी कवी' असे संकेत असतात. ते चूक नाहीत, आळशी आहेत. रविवारी आजोबा आणि नात मिळून कोडे सोडवतात, तेव्हा त्या पोरीला ते नाव कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असते. पहिली ओळख करून देताना इतकी कंजुषी कशाला? आणि संकेत आळशी निघालाच, तर घरे भरून झाल्यावर आजोबांनी पेन्सिल लगेच खाली ठेवू नये. 'या माणसाने केले काय, ठाऊक आहे?' एवढे विचारावे.