हौदा किती फुटांचा?

पिकअप घ्यायला निघालेला आमचा व्यापारी बंधू आधी हप्ता विचारतो, मग मायलेज. हौद्याची लांबी मात्र शोरूमवाला सांगेल ती! आमच्या मते कापडवाल्याने आधी टेप घेऊन आपला रोल मोजावा.

58 इंची पन्ह्याचा रोल पुठ्ठ्याच्या नळीसकट साधारण 60 इंच भरतो. सात फुटी हौद्यात तो उभा एकाच रांगेत बसतो, वरचे दोन फूट वाया. नऊ फुटीतही दुसरी रांग मावत नाही. तिला पुरे दहा फूट हवेत. पण हौदा आतून साडेपाच फूट रुंद असेल तर हेच रोल आडवे पडतात, मग नऊ फूट खुशाल चालतात. 44 पन्हावाल्यांच्या तर नऊ फुटांत सरळ दोन रांगा.

फाळका उघडा ठेवून भागवू, असे म्हणणारे पुष्कळ. हद्दीबाहेर माल काढल्यास मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये दंड आहे. शिवाय पावसात भिजलेला ग्रे कोण घेणार?

भिवंडी-मालेगावच्या गल्लीतल्या लूमवरून माल उचलणाऱ्यांनी मात्र सात फुटीच घ्यावी. लांब गाडी नाक्यावर थांबते आणि हमाली दोनदा पडते.

शोरूमला जाताना एक रोल रिक्षात टाकून न्यावा. सेल्समन हसला तर हसू द्यावा.