९४.३ वर मराठी कधी लागणार?

गेल्या शुक्रवारी ऐरोलीहून निघायला साडेनऊ वाजले. कॅब मिळाली. ड्रायव्हर पन्नाशीचे, रेडिओवर हिंदी गाणी चालू. मी आपलं सवयीने, "भैया, माजिवडा नाके से आगे लेना है." तेही, "हां सर, पता है." ऐरोलीचा पूल ओलांडून हायवेला लागलो, तीन हात नाक्यापर्यंत आमचं ट्रॅफिक, पाऊस, मेट्रोचे खांब असं सगळं हिंदीतून बोलून झालं. मग त्यांचा फोन वाजला. "हां गं, आलोच. हे ठाण्याचं भाडं सोडतो आणि येतो. तू जेवून घे."

मी हसायलाच लागलो. तेही हसले. "तुम्ही मराठी होय साहेब! मग आपली गाणी लावू का?" रेडिओ बंद झाला, पेन ड्राइव्ह चालू झाला आणि नितीन कंपनी ते माजिवडा अजय-अतुल ऐकत आलो.

उतरताना विचारलं, "काका, हे आधीच का नाही लावलंत?"

"पॅसेंजर कोण असेल काय माहीत! रेडिओ लावला की कुणाची तक्रार नसते."

मंडळी, हे वाक्य वीकांतभर डोक्यात घोळतंय. कारण मुंबईच्या खासगी एफएमचं अख्खं बिझनेस मॉडेल काकांनी एका ओळीत सांगितलं.

आपल्याकडे ठाण्यात मुंबईचीच स्टेशनं लागतात. त्यातल्या एकाची कुंडली बघा. २००२ साली मुंबईत खासगी एफएम आलं तेव्हा पाच स्टेशनं होती: मिर्ची, सिटी, रेड, विन आणि गो ९२.५. यातलं गो हे 'मिड-डे'वाल्यांचं, प्रामुख्याने इंग्रजी गाण्यांचं. मी तेव्हा पहिलीतही नव्हतो, पण आमच्या बिल्डिंगमधला एक कॉलेजकुमार दादा गॅलरीत तेच लावून बसायचा. २००६ मध्ये गो गेलं आणि त्याच्या जागी 'रेडिओ वन ९४.३' आलं. नाव बदललं, फ्रिक्वेन्सी बदलली आणि गाणी मुख्यतः हिंदी झाली. पुढे २०१० नंतरच्या दशकात याच रेडिओ वनने मुंबईत आणि दिल्लीत पुन्हा फॉरमॅट फिरवला आणि 'इंटरनॅशनल', म्हणजे सरळ इंग्रजी गाणी धरली.

इंग्रजी, मग हिंदी, मग परत इंग्रजी. एवढं गोल फिरताना वाटेत मराठी लागलं नाही. आणि फक्त यांनाच कशाला नावं ठेवा? १०४.८ वर 'म्यॅव' नावाचं बायकांसाठी गप्पांचं स्टेशन येऊन गेलं, त्याचं 'ओये' झालं, मग 'इश्क' झालं. १०६.४ वर जुनी गाणी झाली, ९१.९ वर जुनी गाणी झाली. सगळे प्रयोग करून झाले. पूर्णवेळ मराठी फॉरमॅट घेतलेलं खासगी स्टेशन मात्र मुंबईच्या डायलवर मी आजवर ऐकलेलं नाही.

(एक इंजिनिअरछाप अवांतर. मुंबईच्या फ्रिक्वेन्सी बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दर वेळी ०.८ चा फरक. दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून सोडलेली ही जागा. म्हणजे एका शहरात किती स्टेशनं मावतील याला मर्यादा आहे. हवेतली ही जागा सार्वजनिक आहे, सरकार ती भाड्याने देतं. म्हणून 'त्यांचं स्टेशन, त्यांची मर्जी' हा मुद्दा मला पूर्ण पटत नाही.)

आता स्टेशनवाल्यांची बाजू. पहिल्या फेरीत मुंबईची लायसन्स फी होती वर्षाला ९.७५ कोटी आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. गणित केलं तर दहाव्या वर्षी साधारण ३४ कोटी होतात. जाहिरात मिळो न मिळो, पैसे भरायचेच. अशा वेळी कोण प्रयोग करेल? विन ९४.६ तर टिकलंच नाही. पण २००५ मध्ये धोरण बदललं. एकरकमी प्रवेश फी आणि नंतर उत्पन्नाच्या ४ टक्के, असं झालं. म्हणजे गळ्याचा फास बराच सैल झाला. तरी मराठी आलं नाही ते नाहीच.

का नाही? 'मार्केट नाही' हे ठरलेलं उत्तर. मार्केट मोजलं कसं? २००७ पासून काही वर्षं 'रॅम' नावाची मोजणी चालायची. मुंबईसारख्या शहरात ४८० लोकांचं पॅनेल, त्यांनी कुठलं स्टेशन किती वेळ ऐकलं ते डायरीत लिहायचं. एवढ्या मोठ्या शहराला ४८० माणसं हे ऐकून लोक चिडतात, पण खरं सांगायचं तर संख्येचा प्रॉब्लेम तेवढा मोठा नाही. नमुना नीट निवडला असेल तर ४८० मध्ये चूक साधारण साडेचार टक्क्यांच्या आसपास राहते. प्रॉब्लेम वेगळाच आहे. जे स्टेशनच नाही ते डायरीत कोण लिहिणार? ए/बी टेस्ट करायची, पण बी कधी बनवायचंच नाही आणि मग रिपोर्टमध्ये लिहायचं की युजर्सना ए आवडतं! आमच्या टीममध्ये कुणी असला रिपोर्ट दिला तर लीड त्याला चहा प्यायला बाहेर नेईल आणि प्रेमाने समजावेल :)

पैशांपेक्षा वाईट कारण वेगळं आहे आणि ते उघडपणे बोलूनही झालंय. संगीतकार कौशल इनामदार यांनी आपला अनुभव जाहीरपणे सांगितलाय. मराठी गाणी का लावत नाही असं त्यांनी मुंबईतल्या एका एफएमवाल्यांना विचारलं, तर त्याने स्टेशन डाऊनमार्केट वाटतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. या माणसाने नुसता संताप केला नाही. सुरेश भटांची कविता घेऊन, लोकवर्गणी काढून, चारशेहून जास्त गायकांकडून 'मराठी अभिमानगीत' गाऊन घेतलं आणि २७ फेब्रुवारी २०१० ला ते लोकांसमोर आणलं. आता ते शाळाशाळांत वाजतं. पण गंमत अशी की एका भाषेला तिच्याच राज्याच्या राजधानीत रेडिओवर जागा मिळावी म्हणून एवढा मोठा कोरस उभा करावा लागतो.

बंगलोरच्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. देशातलं पहिलं खासगी एफएम, रेडिओ सिटी, ३ जुलै २००१ ला तिथे सुरू झालं. बंगलोरसुद्धा आपल्यासारखंच, दर दुसरा माणूस बाहेरून आलेला, त्यात आयटीवाले ढिगाने. म्हणजे हिंदी-इंग्रजी हाच 'सेफ' फॉरमॅट. तरी पुढे मिर्चीसकट तिथली बहुतेक स्टेशनं कन्नडवर गेली आणि चालली. ज्याला इंग्रजी हवं त्याच्यासाठी इंडिगो राहिलं. कुणाचं काही बिघडलं नाही. लांब कशाला, आपल्या कोल्हापुरात ९४.३ लावलंत तर टोमॅटो एफएम लागतं आणि त्यावर मराठी ऐकू येतं. आकडा तोच, फक्त घाट उतरला की भाषा बदलते.

'पण मुंबई-ठाण्याचं ऑडियन्स वेगळं आहे हो.' बरं, मग २०१७ आठवा. खड्ड्यांवरून मुंबई महापालिकेला चिमटे काढायला रेड एफएमच्या मलिष्काने गाणं कुठल्या भाषेत केलं? 'सोनू तुला माझ्यावर भरोसा नाय का' या मराठी गाण्याचंच विडंबन. ते गुजराती, तमिळ, भोजपुरी सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. २०१६ मध्ये 'झिंगाट'वर कोण नाचलं नाही? २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' देशभर रील्सवर होतं, तेही कुठल्या एफएमने उचलून धरायची वाट न बघता. म्हणजे मराठी गाणं शहराला चालतं हे स्टेशनांनाही ठाऊक आहे. ते कधीमधी चालतं, सणाला चालतं, विनोदाला चालतं. मंगळवारी सकाळी सव्वानऊला, माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला मात्र चालणार नाही, हे कुणी ठरवलं?

आकाशवाणी आहे की, असं बाबा म्हणतात. आहेच. पण अस्मिता वाहिनी मूळची मध्यम लहरींवरची, ५५८ किलोहर्ट्झ. मोबाइलमध्ये ते लागत नाही, अ‍ॅप घ्यावं लागतं. आई ऐकते, मनापासून ऐकते. माझ्या वयाचा एकही माणूस मला माहीत नाही जो ते अ‍ॅप उघडतो. शिवाय सगळं मराठी सरकारी स्टेशनवर आणि सगळं 'हॅपनिंग' खासगीवर, ही वाटणीच मला खटकते. त्यातूनच डाऊनमार्केट हा शब्द जन्माला येतो.

आंदोलनाने हे होईल असं मला वाटत नाही. दबाव आला की स्टेशनं २७ फेब्रुवारीला चार गाणी लावतात, आरजे 'नमस्कार मुंबई' म्हणतात, २८ ला सगळं पूर्ववत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांत ७३० चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढावा हे त्याचं एक कारण म्हणून सांगितलं. छान आहे. पण ते नव्या, छोट्या शहरांसाठी. ठाणे-डोंबिवलीकर मुंबईच्या डायलखालीच राहणार.

आणि मला आपली बाजूही लपवायची नाही. मुळात काकांशी हिंदी मी सुरू केलं. त्यांनी फक्त उत्तर दिलं. आमच्या टीममध्ये पाच जण मराठी आहेत आणि आमचा लंचचा ग्रुप हिंदीत चालतो, कारण सहावा दिल्लीचा आहे. तो सुट्टीवर असला तरी आम्ही हिंदीतच बोलतो! आम्ही पाच जण एकेका स्टेशनसारखेच आहोत, तक्रार येण्याआधीच फॉरमॅट बदलून बसलेले. रेडिओवाल्याला तरी जाहिरातदाराचं निमित्त आहे, आम्हाला काय आहे?

तर माझी मागणी अगदी छोटी आहे. सगळी स्टेशनं नकोत, एकही पूर्ण नको. कुठल्याही एका स्टेशनने संध्याकाळी सहा ते आठ, तीन महिने, आजची मराठी गाणी लावावीत. भावगीतं आणि पोवाडे म्हणजेच मराठी असं समजून नव्हे, आत्ता येतायत ती, रॅपसकट. त्याच आरजेने, त्याच उत्साहात. आणि मग आकडे बघावेत. पडले तर पडले, मी पुन्हा बोलणार नाही. पण बी बनवून तर बघा.

काल रात्री तीन स्टेशनांना याच मजकुराचा मेल टाकलाय. मराठीतच. एकाचं ऑटोमॅटिक उत्तर आलं, इंग्रजीत, 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' वगैरे. बाकी दोघांकडून काही आलं तर कळवतोच.